कारखान्यांतील झडपा व त्यांचे मदतनीस

सकाळीं दुधाची पिशवी दारांत येते. आपण ती कापतों, दूध तापवितों आणि कामाला लागतों. तें दूध डेअरींत असतांना त्याला कोणीं वाट दिली व कोणीं अडविली, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज मला त्या वाट देणाऱ्या व अडविणाऱ्या वस्तूविषयीं, म्हणजे झडपेविषयीं, आणि त्याहूनहि अधिक तिच्या अंगावर बसविलेल्या लहानसहान उपकरणांविषयीं बोलावयाचें आहे. कारखान्यांतील लोक झडपेला 'व्हॉल्व्ह' म्हणतात. आपण दोन्ही शब्द वापरूं.

पाश्चरीकरणाच्या एका नेहमींच्या पद्धतींत दूध ७२ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून त्याच उष्णतेवर निदान १५ सेकंद ठेवावें लागतें. त्यासाठीं तें एका लांब नळींतून वाहूं देतात. नळीच्या शेवटीं उष्णतामापक असतो व त्याच्यापुढें एक दुतोंडी झडप असते. उष्णता पुरेशी असेल तर दूध पुढें, थंड होण्यासाठीं जातें. ती कमी पडली कीं झडप फिरते आणि दूध पुनः तापण्यासाठीं मागें वळतें. या झडपेची रचना मोठी विचारपूर्वक केलेली असते. दाबाखालील हवा तिला 'पुढें' या बाजूस ढकलून धरते आणि एक जाड स्प्रिंग तिला 'मागें' या बाजूस ओढीत असते. वीज गेली, हवेची नळी फुटली, कॉम्प्रेसर बंद पडला, तरी स्प्रिंग जिंकते आणि अर्धवट तापलेलें दूध आपल्या घरीं येण्याऐवजीं परत जातें. इतकेंच नव्हे, तर झडप खरोखर पूर्णपणें वळली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिच्या दांड्यापाशीं एक लहानसा स्विच बसविलेला असतो. वळावयास हवी असतां ती वळली नाहीं, तर दूध ढकलणारा पंपच थांबावा अशी जोडणी चांगल्या यंत्रांत केलेली असते.

हा लहानसा स्विच आजच्या भाषणाचा खरा विषय आहे, असें म्हटलें तरी चालेल. पण त्याच्याकडे जाण्यापूर्वीं बाकीच्या मंडळींची ओळख करून घेतली पाहिजे. माझा एक जुना विद्यार्थी एका रासायनिक कारखान्यांत उपकरणें सांभाळण्याचें काम करतो. पुढें सांगितलेल्या गोष्टींपैकीं पुष्कळशा मीं त्याच्या शेजारीं उभें राहून पाहिलेल्या आहेत.

नियंत्रक झडपेचे दोन भाग असतात. खालचा भाग नळीला जोडलेला. त्यांत एक गट्टू खालींवर होऊन वाट कमीजास्त करतो. वरचा भाग म्हणजे तबकडीच्या आकाराचा एक पोलादी डबा. त्यांत रबराचा पडदा ताणून बसविलेला असतो. त्याच्या एका बाजूस हवा व दुसऱ्या बाजूस स्प्रिंग. हवेचा दाब वाढला कीं पडदा हलतो, त्याला जोडलेला दांडा हलतो, आणि दांड्याच्या टोकाचा गट्टू हलतो. घरच्या टांकीवरील तरंगता गोळा पाणी चढतांच तोटी बंद करतो, त्याचेंच हें मोठें भावंड. फरक एवढाच कीं गोळ्याला हुकूम देण्यास कोणी लागत नाहीं, आणि येथें हुकूम दूरच्या नियंत्रण-कक्षांतून येतो.

पूर्वीं हा हुकूम हवेच्या दाबानेंच जात असे: चौरस इंचास ३ पौंड म्हणजे एक टोंक व १५ पौंड म्हणजे दुसरें टोंक. आतां तो बहुतेक ठिकाणीं विजेच्या प्रवाहानें जातो, ४ मिलिअँपियरपासून २० मिलिअँपियरपर्यंत. येथें कोणीहि हुशार मुलगा विचारील, कीं आरंभ शून्यापासून कां नाहीं? कारण असें, कीं शून्याचा अर्थ 'बंद कर' असा ठरविला असता, तर बंद करण्याचा हुकूम आणि तुटलेली तार यांत भेद राहिला नसता. चारावर 'बंद', आणि शून्यावर 'तार तुटली'. ज्या कोणीं हें ठरविलें त्याला मी मनांतल्या मनांत पैकींच्या पैकीं गुण दिलेले आहेत.

हुकूम झडपेपर्यंत पोंचला म्हणजे तो झडपेनें मानलाच असें होत नाहीं. दांड्याभोंवतीं गळती थांबविण्यासाठीं पॅकिंग आवळलेलें असतें. तें दांड्याला धरून ठेवतें. नळींतील प्रवाह गट्टूला ढकलीत असतो. म्हणून अर्धी उघडण्याचा हुकूम असतां झडप तिसऱ्या हिश्शावरच अडून बसते. यावर उपाय म्हणून झडपेच्या बाजूला 'पोझिशनर' नांवाची पेटी बसवितात. तिला एका हातानें हुकूम कळतो व दुसऱ्या हातानें, म्हणजे दांड्याला जोडलेल्या तरफेनें, झडपेची खरी जागा कळते. दोहोंत अंतर दिसलें कीं ती पडद्यावरील हवा वाढविते किंवा सोडते, आणि अंतर मिटेपर्यंत थांबत नाहीं. वर्गांतला दक्ष मॉनिटर जसा 'गप्प बसा' एवढें ओरडून न थांबता वळून मुलांकडेहि पाहतो, तसेंच हें.

आतां निवडीसंबंधीं. माझ्या विद्यार्थ्याच्या मतें पहिला प्रश्न पोझिशनर कोणत्या कंपनीचा हा नव्हे. हवा गेली असतां झडपेनें कोठें जावें, हा होय. भट्टीच्या इंधनाची झडप बंद व्हावी. तीच भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप उघडी राहावी. हें एकदां ठरलें कीं स्प्रिंग कोणत्या बाजूस, हें ठरतें. आणि जेथें झडप आहे तेथेंच थिजून राहणें बरें, तेथें 'लॉक-अप' नांवाचें उपकरण लावून पडद्यावरची हवा कोंडून ठेवतां येते. मोठी झडप जलद हालावी म्हणून अधिक हवा पुरविणारा 'बूस्टर' लावतात. तो गरजेपेक्षां दांडगा घेतला तर झडप जागेवर स्थिर होत नाहीं. इकडून तिकडे डोलत राहते आणि पॅकिंग झिजवून टाकते. विक्रेता अर्थातच दांडगा देण्यास नेहमीं तयार असतो.

संकटाच्या वेळीं झडप तडकाफडकीं मोकळी करण्याचें काम 'सोलेनॉइड' करतो. तारेच्या वेटोळ्यांतून वीज खेळत आहे तोंवर हवेची वाट चालू. वीज तोडली कीं पडद्यावरची हवा एका छिद्रावाटे बाहेर निघून जाते व स्प्रिंग आपलें काम करते. त्याची जागा पोझिशनर आणि झडप यांच्यामध्यें असावी लागते, म्हणजे पोझिशनर कांहींहि म्हणत असला तरी शेवटचा शब्द याचा राहतो. वेटोळें बारा महिने तेवीस काळ तापलेलें असतें, म्हणून विजेचा दाब त्यावर लिहिल्याबरहुकूमच असावा. जेथें पेट घेणाऱ्या वायूंचा वावर असतो तेथें ज्वालारोधक पेटीचाच सोलेनॉइड लागतो. तेथें काटकसर करूं नये.

हवा बाहेर निघून जाण्याचें तें छिद्र पेन्सिलीच्या टोंकाएवढें असतें. एका कारखान्यांत महत्त्वाची झडप चांचणीच्या वेळीं बंदच होईना. वीज तुटली होती, वेटोळें ठीक होतें, स्प्रिंग ठीक होती. अखेर त्या छिद्रांत चिखल सांपडला. कुंभारीण माशीनें तेथें घर केलें होतें! आपल्या खिडकीच्या चौकटींत ती मातीचीं घरटीं करते, तीच ही माशी. तेव्हांपासून तेथील प्रत्येक छिद्रावर बारीक जाळीची टोपी आहे, व छिद्राचें तोंड खालच्या बाजूस वळविलेलें आहे. पोझिशनरच्या पेटींत शिरणाऱ्या विजेच्या तारेलाहि खालीं एक झोळ देतात, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून ओघळत पेटींत न जातां झोळाच्या तळाशीं गळून पडतें.

या सर्वांचा आहार म्हणजे हवा, आणि तो आहार शुद्ध नसेल तर किती किंमत मोजून उपकरणें घेतलीं याला अर्थ उरत नाहीं. याचा हिशेब आपण घरबसल्या करूं शकतों. ३० अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत पाण्याची वाफ जास्तींत जास्त सुमारें ३० ग्रॅम मावते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळी हवेंत त्यांपैकीं २४ ग्रॅम सहज असते. कॉम्प्रेसर ही हवा दाबून तिचें आकारमान, समजा, आठव्या हिश्शावर आणतो. दाबलेली हवा निवून पुनः ३० अंशांवर आली, कीं तेवढ्या जागेंत चार ग्रॅमदेखील वाफ मावत नाहीं. उरलेली वीस ग्रॅम वाफ पाणी होऊन नळींत उतरते. घनमीटरास वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे पाणी. आणि कारखान्याचा कॉम्प्रेसर अहोरात्र चालतो! म्हणून हवा वाळविण्याचें यंत्र लागतें. उपकरणांच्या हवेविषयींच्या प्रचलित अमेरिकन मानकाचें म्हणणें असें, कीं दाबाखालील हवेचा दंवबिंदु त्या जागेच्या नीचतम उष्णतेहून निदान १० अंश खालीं असावा, आणि तींतील धुळीचा कण ४० मायक्रॉनहून मोठा नसावा. तेल तर जवळजवळ नसावेंच. शिवाय प्रत्येक झडपेपाशीं गाळणी व दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर यांची जोडी असते. गाळणीच्या तळाशीं सांठलेलें पाणी सोडण्याची लहानशी चावी असते, आणि ती चावी सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, असें माझा विद्यार्थी म्हणतो. कांहीं गाळण्यांची वाटी पारदर्शक प्लास्टिकची असते. ती रॉकेल किंवा थिनरनें पुसूं नये. तडे जातात व दाबाखालीं ती फुटते. साबणाचें पाणी पुरे.

हवेंत पाणी गेल्यानें काय होऊं शकतें, आणि तो लहानसा स्विच योग्य जागीं नसल्यानें काय होऊं शकतें, या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच पहाटे एकाच ठिकाणीं मिळालेलें आहे. तें ठिकाण म्हणजे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांत सस्क्वेहाना नदींतील थ्री माइल आयलंड हें बेट. तेथें अणुशक्तीपासून वीज करण्याच्या दोन भट्ट्या होत्या. २८ मार्च १९७९ रोजीं पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या भट्टीच्या विभागांत पाणी शुद्ध करणाऱ्या टांक्यांवर काम चालू होतें. रेझिनचे बारीक मणी नळींत अडकून बसले होते व ते सोडविण्याची खटपट रात्रभर चालली होती. त्या खटपटींत थोडें पाणी उपकरणांच्या हवेच्या नळींत शिरलें असावें, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. त्यासरशीं टांक्यांच्या झडपा मिटल्या, पाणी पुरविणारे पंप थांबले, टर्बाइन थांबलें.

भट्टीची उष्णता वाहून नेणारें पाणी नाहींसें झाल्यानें तींतील दाब वाढला, आणि तो सोडण्यासाठीं ठेवलेली सुटकेची झडप कांहीं सेकंदांत उघडली. येथवर सर्व योजिल्याप्रमाणें झालें. भट्टी आपोआप विझली, दाब उतरला, आणि झडपेच्या सोलेनॉइडची वीज तुटली. झडप मिटावयास हवी होती. ती मिटली नाहीं. आपल्या कुकरची शिटी वर उचलली जावी आणि तशीच अडकून राहावी, त्यांतला प्रकार. वाफ जात राहते, पाणी आटत राहतें, आणि खालीं विस्तव चालूच. विझलेली अणुभट्टीहि पुष्कळ काळ धगधगत असते, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे.

नियंत्रण-कक्षांतील लोकांना हें कसें कळलें नाहीं? त्यांच्यापुढें या झडपेचा दिवा होता, आणि तो विझला होता. परंतु तो दिवा झडपेच्या दांड्याला जोडलेला नव्हता. तो सोलेनॉइडच्या विजेला जोडलेला होता. वीज तुटली म्हणून दिवा विझला. शाळेंत मुख्याध्यापकांची सूचना घेऊन शिपाई वर्गोवर्गीं जातो व मास्तरांच्या सह्या घेऊन येतो. सह्यांची वही म्हणजे सूचना पोंचल्याचा पुरावा होय. मुलें मैदानावर गेलीं याचा नव्हे. त्या पहाटे लोकांनीं वही पाहिली आणि मुलें मैदानावर आहेत असें मानलें.

झडपेपुढील नळीवर एक उष्णतामापक होता आणि तो चढा आंकडा दाखवीत होता. ती झडप पूर्वींपासूनच थोडी गळत असे, म्हणून तो आंकडा नेहमींच चढा असे; तेव्हां त्याच्याकडेहि कोणीं विशेष लक्ष दिलें नाहीं. मला वाटतें या साऱ्या हकीगतींत सर्वांत शोचनीय हीच गोष्ट आहे. चालवून घेतलेल्या एका लहान गळतीनें खरें बोलणाऱ्या साक्षीदाराची साक्ष कवडीमोल करून टाकली. आणखी असें, कीं राखीव पाणी देणाऱ्या दोन झडपा कोणीतरी आधींच्या कामानंतर बंद राहूं दिल्या होत्या. त्यांपैकीं एकीच्या दिव्यावर दुरुस्तीची पिवळी चिठ्ठी लोंबत होती. ती गोष्ट आठ मिनिटांनीं ध्यानांत आली. सुटकेची झडप उघडी आहे हें मात्र दोन तास वीस मिनिटांनीं ध्यानांत येऊन तिच्या पुढची दुसरी झडप बंद करण्यांत आली. दरम्यान, मापकाचा आंकडा पाहून भट्टींत पाणी फार झालें अशा समजुतीनें, आपोआप सुरू झालेलें संकटकाळचें पाणीहि लोकांनीं हातानें कमी केलें होतें. भट्टीच्या गाभ्याचा सुमारें अर्धा भाग वितळला. साफसफाईला १९९३ पर्यंत सुमारें १४ वर्षें लागलीं आणि सुमारें १०० कोटी डॉलर खर्च झाला. ती भट्टी पुनः पेटली नाहीं.

चालकांना मूर्ख ठरविणें सोपें आहे. मला तें न्याय्य वाटत नाहीं. खोटें सांगणारा दिवा त्यांनीं लावला नव्हता. दीड वर्षापूर्वीं, २४ सप्टेंबर १९७७ रोजीं, ओहायो राज्यांतील डेव्हिस-बेसी या केंद्रांतहि अशाच प्रकारची झडप अशीच उघडी राहिली होती. ती सुमारें वीस मिनिटांत ओळखली गेली आणि हानि टळली. ती हकीगत थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत उपयोगी पडेल अशा रीतीनें पोंचलीच नाहीं. १९७९ च्या घटनेनंतर अमेरिकेच्या अणु-नियामक मंडळानें अशा सुटकेच्या झडपांची खरी जागा प्रत्यक्ष कळविणारी खूण असलीच पाहिजे, असें बंधन घातलें.

म्हणून लिमिट स्विच, म्हणजे आरंभीं सांगितलेला तो लहानसा स्विच, निवडतांना पाहावयाची मुख्य गोष्ट ही, कीं तो कशाला स्पर्श करतो? दांड्याला करीत असेल तर उत्तम. दोन असावेत, एक पूर्ण उघडल्याची व एक पूर्ण मिटल्याची साक्ष देणारा. दोघेहि गप्प असले म्हणजे झडप अधेमधे आहे असें समजतें. एकच स्विच असला तर 'उघडी नाहीं' याचा अर्थ 'मिटली' असा करण्याचा मोह होतो. तरफेचा स्क्रू कंपानें सैल होतो आणि साक्षीदार हळूहळू खोटें बोलूं लागतो. त्याच्यावर रंगाचा एक ठिपका देऊन ठेवतात, म्हणजे तो फिरला असल्यास दृष्टीस पडतें. समुद्राकांठच्या कारखान्यांत पेटी ॲल्युमिनियमची घेण्यापेक्षां स्टेनलेस पोलादाची घेतलेली बरी. खारी हवा झांकणाच्या खिळ्यांना चार पावसाळ्यांत जाम करते, आणि मग झांकण उघडण्याचा कंटाळा हें तपासणी न होण्याचें कारण होऊन बसतें.

देखभालीचा क्रम सांगण्यासारखा फार गुंतागुंतीचा नाहीं. गाळणीचें पाणी सोडावें. सांध्यांवर साबणाचा फेंस लावून बुडबुडे पाहावे. पॅकिंग गळत असेल तर आवळावें, पण दांडा धरला जाईल इतकें नव्हे. ज्या झडपा महिनोन् महिने हालत नाहींत, त्याच संकटकाळीं अडकतात. म्हणून काम न थांबवतां त्यांना थोडेंसें, दहावीस टक्के, हलवून पाहण्याची सोय नव्या पोझिशनरमध्यें असते. ते हवेचा दाब व दांड्याची हालचाल यांची नोंदहि ठेवतात, आणि घर्षण वाढूं लागल्याचें त्यांवरून आधींच कळूं शकतें. या सोयी उत्तम आहेत. परंतु पेटीची तरफच निसटली असेल तर तीहि वहीच दाखविणार.

यासाठीं वार्षिक दुरुस्तीच्या वेळीं जुनी रीतच चालते, आणि मीं ती पाहिली आहे. एकजण नियंत्रण-कक्षांत बसतो, दुसरा झडपेपाशीं उभा राहतो. हुकूम शून्य, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर टक्के असा चढवीत नेतात व तसाच उतरवितात. प्रत्येक थांब्यावर वरचा मनुष्य पडद्यावर दिसणारा आंकडा बोलतो आणि खालचा मनुष्य दांड्यावरच्या पट्टीवरील आंकडा बोलतो. दोन्ही आंकडे एकाच ओळींत शेजारीं शेजारीं लिहितात. मी गेलों त्या दिवशीं सातव्या झडपेला वर पन्नास व खालीं त्रेचाळीस आले. माझ्या विद्यार्थ्यानें पेन्सिल कानावर ठेवली, पान्हा घेतला आणि मला म्हणाला, "सर, तुम्ही जेवून घ्या, मला आतां वेळ लागेल."